पगाराचा दिवस आणि नळाचा दिवस
(मनमाडच्या घरांमधल्या बचतीचा थोडा इतिहास)

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहून द्या, असं समितीने मला सांगितलं. म्हणून मी ऑफिसच्या कपाटातून पहिलं प्रोसिडिंग बुक काढून घरी आणलं. वाटलं होतं, भूमिपूजन, पाहुण्यांची भाषणं, नारळ, पेढे असं काही सापडेल. पण पहिल्या तीस-चाळीस पानांत इमारत जवळजवळ नाहीच. आहेत ते फक्त पैसे. अमक्यांचा हप्ता आला, तमक्यांनी मुदत मागितली, सिमेंटचा भाव वाढला, जादा वर्गणीवर चर्चा झाली, चहापानानंतर सभा संपली.

वाचता वाचता लक्षात आलं, की आपल्या सोसायटीचा इतिहास म्हणजे आपल्या घरांतल्या बचतीचाच इतिहास आहे. यातलं प्रत्येक घर कुणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं बाजूला टाकलेल्या पैशातून उभं राहिलंय. म्हणून हा लेख त्यावरच. तरुण मंडळींना थोडा जुना वाटेल, पण शेवटी त्यांच्याकडेच काम आहे, तेव्हा कृपया पूर्ण वाचावा.

साठवणं आपल्याला शिकवावं लागत नाही

बाहेरगावच्या पाहुण्यांना आपल्या घरातल्या टाक्या बघून हसू येतं. गच्चीवर टाकी, खाली टाकी, मोरीत पिंप, स्वयंपाकघरात हंडे-कळशा. त्यांना काय माहीत! वागदर्डी धरण भरलं तर ठीक, नाहीतर नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी घरातलं बाकी सगळं थांबतं. पाणी आलं की आधी भरून घ्यायचं, मग वापरायचं. ‘वापरून उरलं तर भरू’ असं म्हणणारा माणूस मनमाडमध्ये आठवडाभरही टिकणार नाही.

पगाराचंही तसंच आहे. महिन्यातून एकदा येतो आणि तीस दिवस पुरवायचा असतो. पण गंमत बघा, पाण्याच्या बाबतीत आपण जे न चुकता करतो, ते पैशाच्या बाबतीत आपल्याला सहज जमत नाही. पाणी आधी भरतो, पैसा मात्र ‘उरला तर’ ठेवतो. आणि तो उरत नाही. आपल्या आई-आजींनी हे ओळखलं होतं. त्यांनी आणि त्या काळच्या संस्थांनी पैसा ‘आधी भरून ठेवायच्या’ ज्या तऱ्हा काढल्या, तोच हा इतिहास.

पगार, सावकार आणि १९३८ ची परिषद

मनमाड वाढलं ते रेल्वेमुळे. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग इथून गेला, १८७८ मध्ये दौंडकडची लाइन जोडली गेली, पुढे निजामाच्या राज्यातून येणारी छोटी लाइन आली आणि गाव जंक्शन झालं. पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना आला. थोडक्यात, शेतीच्या हंगामावर नव्हे तर महिन्याच्या पगारावर जगणारी मोठी वस्ती इथे तयार झाली.

महिन्याचा पगार म्हणजे सुबत्ता, असं कुणी समजू नये. १९२९ साली ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली आयोग नेमला. १९३१ च्या अहवालात त्यांनी लिहिलं, की बहुतेक औद्योगिक गावांत कमीत कमी दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे. म्हणजे पगार हातात पडण्याआधीच तो दुसऱ्याचा झालेला असायचा. त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे दहा तारखेच्या आत द्यायचा, हे मालकांवर बंधन आलं. आज आपल्याला ही किरकोळ गोष्ट वाटते. पण पगाराची तारीख नक्की नसेल तर बचत कशातून करणार? नळ कधी येणार हेच माहीत नसेल तर पिंप धुऊन ठेवणार कधी?

याच संदर्भात आपल्या गावातली एक मोठी घटना सांगायलाच हवी. फेब्रुवारी १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मनमाडला आले आणि जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचं प्रसिद्ध प्रतिपादन याच मनमाडच्या व्यासपीठावरचं. त्या भाषणात त्यांनी एक रोजच्या जगण्यातली गोष्टही दाखवून दिली होती. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच जन्म काढतो. साधं पोर्टरचं कामही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात आणि तिथे शिवाशीव आडवी येते.

बचतीच्या लेखात हे का, असं कुणी विचारेल. कारण ‘त्यांना पैसा राखता येत नाही’ असं आपण दुसऱ्याबद्दल पटकन बोलून जातो. ज्याचा पगार तीस वर्षांत वाढूच दिला नाही त्याने राखायचा काय? बचत हा जसा सवयीचा प्रश्न आहे, तसा तो आधी मिळकतीचा प्रश्न आहे. हे मनमाडने १९३८ मध्येच ऐकलंय, ते विसरून चालणार नाही.

पोस्टाचं पुस्तक आणि पगारातली कपात

सामान्य माणसासाठी सरकारी बचतीची पहिली सर्वदूर सोय म्हणजे पोस्टाची बचत बँक. ती १ एप्रिल १८८२ पासून सुरू झाली. गावात बँक नसली तरी पोस्ट होतं. पोस्टमास्तर पुस्तकावर आकडा लिहून शिक्का मारायचे, तो शिक्का बघून माझ्या आजीला कोण समाधान वाटायचं! तिला आकडा वाचता यायचा नाही, शिक्के मात्र ती मोजायची.

दुसरी सोय सहकाराची. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. तो मुळात शेतकऱ्याला सावकारापासून सोडवण्यासाठी होता, पण नोकरदारांनीही त्याचा फायदा घेतला. कारखान्यांत, रेल्वेत, शाळांमध्ये नोकरांच्या पतपेढ्या निघाल्या. त्यांचं गमक एकच : वर्गणी पगारातूनच कापून जायची. हातात येणारी रक्कम कमी दिसायची, शिव्याही घातल्या जायच्या, पण मुलीच्या लग्नाला कर्ज मिळायचं ते तिथूनच. प्रॉव्हिडंट फंडाचंही तेच. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कारखान्यात होते. ते म्हणायचे, “जे दिसत नाही तेच राहतं.”

वीस दिवस

हे सगळं किती पातळ असतं ते आमच्या घराला १९७४ मध्ये कळलं. ८ मे रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगारांचा प्रश्न होता. जॉर्ज फर्नांडिस नेते होते. मागण्या होत्या बोनसच्या, पगाराच्या, कामाच्या तासांच्या. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. म्हणजे वीस दिवस. इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ, पण क्वार्टरमध्ये राहणाऱ्या घराला वीस दिवस फार मोठे होते. धरपकड चालू होती, नोकरी जाईल ही भीती, आणि नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, कारण क्वार्टर रेल्वेचं.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. दादा रात्री घरी नसायचे. आईने त्या दिवसांत कुठून कसं भागवलं ते आम्हा मुलांना कळलं नाही. एवढंच आठवतं, की दोन वेळची चूल एक वेळ झाली आणि आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. त्या सोडवायला पुढे तीन वर्षं लागली. सोनं ही आपल्या बायकांची बँक का, ते मला त्या महिन्यात समजलं. त्याला सही लागत नाही, साहेब लागत नाही आणि वीस दिवसांची अडचण असेल तर ते रात्रीत पैशात बदलतं.

संप मोडला आणि त्याच जुलैत सरकारने महागाई रोखण्यासाठी सक्तीच्या ठेवीचा वटहुकूम काढला. वाढलेल्या महागाई भत्त्यातला अर्धा भाग आणि पगारवाढ पूर्णपणे सक्तीने ठेव म्हणून ठेवायची. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाले, पण ज्या घरात पाटल्या गहाण होत्या तिथे ‘सक्तीची बचत’ हा शब्द शिवीसारखा वाटायचा. बचत कुणी लादून होत नाही, पोटाला चिमटा काढायची एक मर्यादा असते, हेही त्या वर्षाने शिकवलं. १९७९ मध्ये रेल्वेला उत्पादकतेशी जोडलेला बोनस लागू झाला, तेव्हा दादांनी पहिल्यांदा घरात पेढे आणले.

पिग्मी, भिशी आणि डाळीचा डबा

त्यानंतरच्या काळात बचत घरोघरी आली ती तीन वाटांनी.

पहिली पिग्मी. ही मूळ कर्नाटकातली. उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये एक बँक काढली, तीच पुढची सिंडिकेट बँक. १९२८ पासून त्यांचे एजंट रोज दारोदार जाऊन दोन आण्यांपासून ठेव गोळा करू लागले. तीच पद्धत पुढे आपल्याकडच्या बँका आणि पतसंस्थांनी उचलली. आमच्या गल्लीत पिग्मीवाले काका संध्याकाळी सायकलवर यायचे. भाजीवाली, चहावाला, शिंपी, सगळ्यांकडून पाच-दहा रुपये. काकांना ‘आज नाही’ म्हणायची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बचत त्या लाजेमुळेच व्हायची. १९७२ पासून पोस्टाच्या महिला एजंटही आल्या. आमच्या ओळखीच्या एक काकू दर महिन्याला आवर्ती ठेवीचे पैसे न्यायला यायच्या, चहा घ्यायच्या आणि सगळ्या वाड्याची खबर देऊन जायच्या.

दुसरी भिशी. दहा-बारा बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. हिशेब साधा, पण बघा किती शहाणा. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघाली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, आणि जिची शेवटी निघाली तिची आपोआप बचत झाली. कागद नाही, जामीन नाही. जामीन म्हणजे रोज नळावर भेटणारी शेजारीण! याच मुळातून पुढे बचत गट उभे राहिले आणि १९९२ पासून नाबार्डने त्यांना बँकांशी जोडायला सुरुवात केली.

तिसरा डबा. त्याबद्दल जास्त सांगायला नको, प्रत्येक घरात तो होता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने, वय वर्षं पंच्याहत्तर, डाळीच्या डब्यातून कापडात बांधलेली पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. साडेअकरा हजार निघाले. आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. म्हणाली, “तुम्हाला माहीत झाले, आता ते राहायचे नाहीत.” रांगेत उभं राहून मी ते तिच्या खात्यात भरले. पण तिचं म्हणणं खरं होतं. घरातल्या बाईचा पैसा लपलेला असतो तोवरच तिचा असतो. हे काही आपल्याला भूषण नाही.

क्वार्टर सुटतं तेव्हा

आता सोसायटीकडे येऊ. रेल्वेच्या नोकरीत एक गोष्ट विचित्र असते. पस्तीस-छत्तीस वर्षं माणूस क्वार्टरमध्ये राहतो, मुलं तिथे वाढतात, अंगणात आंबा लावतो, आणि निवृत्तीनंतर थोड्या मुदतीत किल्ली परत करायची. ज्या वयात नवीन काही करू नये त्या वयात घर शोधायचं. आपल्या सोसायटीचे पहिले सभासद बहुतेक असेच. रेल्वेवाले, धान्याच्या सरकारी गोदामातले, काही शिक्षक, दोन-तीन दुकानदार. एकेकट्याला प्लॉट आणि बांधकाम झेपणारं नव्हतं. मग एकत्र आले. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये याच विचाराने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. आपल्याकडे तो विचार यायला ऐंशीएक वर्षं लागली, पण आला.

दादाही त्यात होते. फंडाचे पैसे मिळाल्यावर त्यांनी घराच्या हप्त्यांसाठी ठेवलेली रक्कम एका पतसंस्थेत गुंतवली. नाव घेत नाही. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के व्याज जास्त होतं, ओळखीचे लोक होते, काउंटरवर गणपतीचा फोटो होता. वर्षभरात पैसे मिळेनासे झाले. ‘पुढच्या सोमवारी या’ असे कितीतरी सोमवार गेले. तेव्हा आम्हाला कळलं, की ठेवींवरचा सरकारी विमा बँकांना असतो, सहकारी बँकांनाही असतो, पण पतसंस्थांना नसतो. विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख होती, २०२० पासून ती पाच लाख झाली आहे. आजही हा फरक अनेकांना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. पैसे कुठेही ठेवण्याआधी ही बँक आहे की पतसंस्था, एवढा एक प्रश्न जरूर विचारा.

प्रोसिडिंग बुकातलं एक पान

त्या काळातली एक नोंद मला परवा सापडली आणि मी बराच वेळ तशीच वही उघडी ठेवून बसलो. तीत दादांचं नाव नाही, फक्त सभासद क्रमांक आहे. ‘सदर सभासदांचे हप्ते अडचणीमुळे थकले आहेत. त्यांचा वाटा इतर सभासदांनी तूर्त समान विभागून भरावा व सभासदत्व कायम ठेवावे, असे सर्वानुमते ठरले.’

सर्वानुमते! ज्यांनी हे ठरवलं त्यांचं स्वतःचं बांधकाम जेमतेम चालू होतं. सात महिने बाकीच्यांनी आमचा वाटा भरला. दादांनी नंतर सगळं फेडलं, पण त्यांनी ही गोष्ट आम्हाला मरेपर्यंत सांगितली नाही. मला फक्त एवढंच माहीत होतं, की बिल्डिंगमधल्या कुणाचंही काम असलं की दादा जेवणावरून उठून जायचे. त्याचं कारण मला वयाच्या साठीत एका जुन्या वहीतून कळलं. त्या वेळच्या मंडळींपैकी आज पाच जण हयात आहेत. त्यांना माझा नमस्कार.

आता आपली पाळी

आणि आता थोडं कडू. इमारतीला पंचवीस वर्षं झाली. गच्ची गळते, दोन पिलरचा गिलावा सुटला आहे, खालच्या टाकीला चीर आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी, असं उपविधी सांगतात. ते आपण करून घ्यायला हवं, आणि त्यानंतर जो खर्च निघेल तो फंडातून करावा लागेल.

फंडात काय आहे ते पाहू. उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. समजा एका सदनिकेचा त्या वेळचा बांधकाम खर्च तीन लाख होता. पाव टक्का म्हणजे वर्षाला ७५० रुपये, महिन्याला साडेबासष्ट. पंचवीस वर्षांची मुद्दल होते १८,७५०, वर व्याज. दुरुस्ती निधी वर्षाला २,२५०. म्हणजे जुन्या भावाने गोळा करतोय आणि खर्च करायचाय आजच्या भावाने. ‘किमान’ हा शब्द आपण ‘कमाल’ असा वाचला. गेल्या तीन वार्षिक सभांमध्ये वर्गणी वाढवण्याचा विषय आला आणि तिन्ही वेळा ‘पुढील सभेत विचार व्हावा’ असं लिहून पुढे ढकलला गेला. मी स्वतःही एकदा ढकलायला हात वर केला होता, हे कबूल करतो.

कुणाची ओढाताण मला कळत नाही असं नाही. २००४ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्या मुलांना जुनी पेन्शन नव्हती. पगार खात्यात येतो आणि पाच तारखेला घराचा, गाडीचा, मोबाइलचा हप्ता निघून जातो. दारात कुणी मागायला येत नाही, म्हणून लाजही वाटत नाही. पण या मुलांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांच्यातले बरेच जण दरमहा एसआयपी भरतात, आणि ती म्हणजे फोनमधून येणारे पिग्मीवाले काकाच. पद्धत तीच : खर्चाआधी बाजूला. तीच पद्धत आपण इमारतीसाठी वापरू या, एवढंच म्हणणं आहे.

माझी सूचना अशी : येत्या वार्षिक सभेत फंडाची वर्गणी वाढवावी. ज्यांना खरंच जड जाईल, विशेषतः आपल्या एकट्या राहणाऱ्या मावश्या-काकू, त्यांना जास्त मुदत द्यावी आणि तोवर त्यांचा भार बाकीच्यांनी उचलावा. हे काही नवीन नाही. पहिल्या प्रोसिडिंग बुकात तसा ठराव आहे, पान मी खूण घालून ठेवलं आहे. वही ऑफिसात आहे, कुणीही येऊन बघावी.

नळ आलाय, पिंप रिकामं आहे. आधी भरून घेऊ.